रेस्पिरेटरी थेरपीला अर्ज करताय? आधी कॉलेजमागचं आयसीयू बघा

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो: नीटचा स्कोअर कुठपर्यंत नेईल, आणि नाहीच नेलं तर काय? त्या ‘तर काय’च्या यादीत फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी ही नावं पाठ झालेली असतात. रेस्पिरेटरी थेरपी हे नाव मात्र अनेकांनी २०२० मध्ये व्हेंटिलेटरच्या बातम्यांबरोबर पहिल्यांदा ऐकलं, आणि अजूनही कितीतरी पालकांना हा ‘वाफ द्यायचा कोर्स’ वाटतो.

नेब्युलायझर लावणं त्यात आहेच, पण तो अगदी छोटा भाग. ऑक्सिजन कशातून आणि किती द्यायचा, बायपॅपचा (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क चेहऱ्यावर गळती न होता कसा बसवायचा, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की दोष यंत्रात आहे, नळीत आहे की पेशंटमध्ये हे कसं ओळखायचं, मनगटाच्या धमनीतून एबीजीसाठी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीसाठी) रक्त कसं घ्यायचं, ट्रेकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राची) निगा, सक्शन म्हणजे कफ ओढून काढणं, फुप्फुसांची क्षमता मोजणारी पीएफटी, झोपेची तपासणी हे सगळं रेस्पिरेटरी थेरपिस्टचं काम. थुंकी, कफ, रात्रपाळी आणि सतत वाजणारे अलार्म यांच्याशी जमवून घ्यावं लागतं. ज्याला कफ बघूनच मळमळतं त्याने आधीच विचार केलेला बरा. 

कोर्सचं नाव नीट वाचा

पदवीचं नाव सगळीकडे सारखं नसतं. बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी, बी.एस्सी. रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी, मेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी आणि कंसात रेस्पिरेटरी अशी वेगवेगळी रूपं दिसतात. साधारण रचना तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी. अर्ज करण्यापूर्वी एकच गोष्ट लेखी विचारा: पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते शब्द छापून येणार? नोकरीच्या जाहिरातीत आणि परदेशातल्या पडताळणीत तेच शब्द बघतात, माहितीपत्रकावरचे नाही. परदेशाचं म्हणायचं तर आखाती देशांत डेटाफ्लो या कंपनीची कागदपडताळणी आणि परवाना परीक्षा असा रस्ता असतो. अमेरिकेत मात्र तिथल्या मान्यताप्राप्त रेस्पिरेटरी केअर प्रोग्रामची पदवी असल्याशिवाय आरआरटीच्या (नोंदणीकृत रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या) परीक्षेला बसता येत नाही. ‘इथली डिग्री घ्या आणि थेट अमेरिकेत नोकरी’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून दुसरंही काही विकत घेऊ नका.

२०२१ मध्ये केंद्राने आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्स सोडून इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय आहे. या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. सहायक पातळीवरच्या पात्रतेसाठी किमान २,००० तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत. आणि ज्याला ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हटलंय त्याच्यासाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता स्वारगेटपासून शिवाजीनगरपर्यंत खांबाखांबावर दिसणारे ‘सहा महिन्यांत आयसीयू टेक्निशियन’ हे बोर्ड आठवा आणि गणित करा. महिन्याचे २६ दिवस, रोज सहा तास, सहा महिने: होतात ९३६ तास. निम्मेसुद्धा नाहीत. या कोर्समधून छोट्या नर्सिंग होममध्ये काम मिळेलही, पण पुढे नोंदणी मागितली गेली की फाइल तिथेच थांबते.

प्रवेशाचे दोन रस्ते

पुण्यात दोन प्रकारची कॉलेजं आहेत. एक, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्था. दोन, अभिमत विद्यापीठं. सिंबायोसिस, भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ या गटात येतात. अभिमत विद्यापीठ स्वतःची प्रवेशप्रक्रिया, स्वतःचं वेळापत्रक आणि स्वतःचं शुल्क ठरवतं. त्यामुळे ‘सीईटीच्या साइटवर तारीख आली नाही अजून’ म्हणून निवांत बसलेल्या मुलाचा अभिमतचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच हुकलेला असू शकतो. फेब्रुवारीतच प्रत्येक संस्थेची त्या वर्षाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या. त्यात विशेषकरून चार गोष्टी बघायच्या: रेस्पिरेटरी हा विषय यंदा आहे का, जागा किती, प्रवेश कशाच्या गुणांवर (स्वतःची परीक्षा, नीट की बारावी), आणि मूळ कागदपत्रं कोणत्या तारखेला दाखवायची. गेल्या वर्षीची पुस्तिका वापरू नका. परीक्षेचे नियम बदललेले असतात आणि मित्राच्या दादाचा अनुभव कामाला येत नाही.

आता मुख्य मुद्दा

हा कोर्स वर्गात शिकता येत नाही. म्हणून कॉलेजची इमारत, एसी वर्ग, सिम्युलेशन लॅबचे फोटो हे सगळं दुसऱ्या नंबरावर. पहिला प्रश्न असा: या कॉलेजची मुलं कोणत्या हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये उभी राहतात?

हॉस्पिटल आवारातच आहे की सामंजस्य कराराने दुसरीकडे पाठवतात, ते विचारा. करार असेल तर किती महिन्यांचा, आणि तिथे आणखी किती कॉलेजांची मुलं येतात? एका व्हेंटिलेटरभोवती आठ मुलं उभी राहिली तर नॉब फिरवणारा एक आणि बघणारे सात. आयसीयूच्या खाटा किती, त्यांत एका वेळी व्हेंटिलेटरवर साधारण किती पेशंट असतात, नवजात बालकांचं एनआयसीयू आहे का, पीएफटी लॅब रोज चालते की आठवड्यातून एकदा, एबीजीचं यंत्र आयसीयूतच आहे की नमुना खाली लॅबला जातो, हे सगळं विचारण्यासारखं आहे. प्रवेश-समुपदेशक याची उत्तरं देणार नाही; त्याच्याकडे शुल्काचा तक्ता असतो. विभागप्रमुखांची वेळ मागा किंवा तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठा. मुलं खरं सांगतात.

पण सगळ्यात उपयोगी प्रश्न वेगळाच आहे: या हॉस्पिटलमध्ये ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’ या पदावर पगारी माणसं किती, आणि रात्रपाळीला एक तरी असतो का? स्वतःच्या हॉस्पिटलात हे पदच नसेल तर तुम्हाला शिकवणार कोण? सिस्टर शिकवतील, ॲनेस्थेशियाचे रेसिडेंट डॉक्टर शिकवतील, आणि दोघंही आपापल्या कामात बुडालेले असतील. शिवाय जे हॉस्पिटल स्वतः ही मुलं तयार करतं पण कामावर घेत नाही, त्याच्या प्लेसमेंटच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला माझं मन धजत नाही.

पीएफटी लॅब बघायची असेल तर ओपीडीच्या वेळेत पालमोनॉलॉजी (फुप्फुसविकार) विभागाबाहेर अर्धा तास बसा. तंत्रज्ञ पेशंटला ‘फुंका, फुंका, फुंका, अजून फुंका’ असं जोरात ओरडून सांगताना ऐकू आला तर लॅब चांगली आहे असं समजा. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे या फुंकण्याच्या तपासणीचा, निकाल पेशंटच्या जोरावर ठरतो. हळू आवाजात ‘हं, फुंका’ म्हटलं तर माणूस दोन सेकंदांत थांबतो आणि दमा नसलेल्याचा आलेखही बिघडलेला येतो.

पीसीबीची टक्केवारी: इथेच अर्ज बाद होतात

पात्रता सहसा अशी असते: बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-जीवशास्त्र आणि इंग्रजीसह उत्तीर्ण, आणि पीसीबी गटात ठरावीक टक्के. खुल्या वर्गाला बहुतेक ठिकाणी ५०, राखीव प्रवर्गाला ४५. गोंधळ होतो तो ‘गटात’ या शब्दाचा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर शेवटी छापलेली टक्केवारी ६०० पैकी असते. तिच्यात मराठी, इंग्रजी, भूगोल सगळं आलं. फॉर्ममध्ये हवी असते ती फक्त तीन विषयांची, ३०० पैकी. भौतिक ५८, रसायन ६१, जीवशास्त्र ७२ असतील तर बेरीज १९१, म्हणजे ६३.६७ टक्के. गुणपत्रिकेवर खाली ७४ टक्के छापलेत म्हणून ७४ भरले, तर गुणवत्ता यादीत नाव वर जातं आणि पडताळणीच्या टेबलावर ‘चुकीची माहिती’ म्हणून कापलं जातं. उलटंही होतं: १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात हे विसरून मुलं फक्त लेखी गुण धरतात आणि स्वतःलाच अपात्र ठरवून मोकळी होतात.

बायफोकल घेतलेल्यांनी जास्त सावध राहावं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा विषय घेताना बऱ्याच मुलांनी जीवशास्त्र सोडलेलं असतं. गुणपत्रिकेवर जीवशास्त्र नाही, तर या कोर्सला दार बंद. ‘ब्रिज कोर्स देऊ’ असं कुणी तोंडी म्हटलं तरी विद्यापीठाचा पात्रता विभाग ते मान्य करतो का, याचं लेखी उत्तर घ्या.

कागदपत्रं

कागदांची यादी कोणीही देतं. कोणता कागद किती आधी मागायचा, ते कुणी सांगत नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि आधार हातात असतातच. बारावीची मूळ गुणपत्रिका ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी कॉलेजात मिळते, तोवर ऑनलाइन प्रत चालते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र लगेच काढू नका, नाही तर त्याच्या मूळ प्रतीवरून दोन कॉलेजांत ओढाताण होते. आधी तीन-चार रंगीत झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढा, मगच मूळ प्रत कुठेही द्या. सीबीएसई किंवा दुसऱ्या मंडळातून आलेल्यांना मायग्रेशन लागतं.

तहसीलचे दाखले, म्हणजे अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर, हे ‘आपले सरकार’वर घरबसल्या किंवा सेतू केंद्रातून काढता येतात. पंधरा दिवस धरून चाला, पण मे-जूनमध्ये सगळं पुणे आणि निम्मा जिल्हा एकाच वेळी अर्ज करतो, म्हणून एप्रिल लागताच हात घाला. त्यात एक मेख आहे. उत्पन्न आणि नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते आणि ती बहुधा ३१ मार्च असते. दादाच्या वेळचा दाखला फाइलीत आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्यांना जूनमध्ये कळतं की तो तीन महिन्यांपूर्वीच संपलाय. या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवरचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क २०२५ मध्ये माफ झालंय, तेव्हा केंद्राबाहेरच्या टेबलवाल्याने स्टॅम्प पेपर पुढे केला तर आधी आत विचारा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात वैधता. जात प्रमाणपत्र वेगळं, वैधता वेगळी. पहिलं असलं की दुसरं आपोआप मिळतं असं नाही. अकरावी-बारावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजच्या शिफारसीसह समितीकडे अर्ज करायचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी गावाहून आणाव्या लागतात, आणि त्या कोणत्या कपाटात आहेत हे माहीत असलेले मुख्याध्यापक सुट्टीवर असतात. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला तर प्रवेशाच्या मुदतीत वैधता हातात पडेल या भरवशावर राहू नका.

बारावीनंतर एखादं वर्ष नीटच्या तयारीत गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात कारण सरळ लिहा: अमुक ते अमुक काळात प्रवेश परीक्षेची तयारी, दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला नाही. तारखा महिन्यासह टाका. मधल्या काळात कुठे प्रवेश घेऊन सोडला असेल तर लपवू नका. तिथला दाखला लागणारच.

फॉर्म भरताना

नेटकॅफेत बसून भरायचा असेल तर बसा, पण ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच. कॅफेवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, कारण ओटीपी त्याच्या फोनवर पटकन येतो. मग मुलाखतीचं बोलावणं त्याच्या इनबॉक्समध्ये शंभर फॉर्मांच्या ढिगात पडून राहतं. पासवर्ड कागदावर लिहून घरी आणा.

नावाचा घोळ महाराष्ट्रातल्या मुलांना हटकून येतो. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. फॉर्म म्हणतो ‘दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे’, तर त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने भरा. एका अक्षराचा फरक, दीर्घ ईसाठी कुठे एक अक्षर आणि कुठे दोन, हा पडताळणीत चालून जाईल असं वाटतं. पण पुढे पदवी आणि पासपोर्टवर दोन वेगळी माणसं तयार होतात. फरक असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं, गुणपत्रिका दुरुस्त करणं अवघड.

स्कॅन करताना मोबाइलने तिरपा फोटो काढू नका. चारही कोपरे दिसले पाहिजेत, गुणपत्रिकेचा क्रमांक वाचता आला पाहिजे आणि फाइल दिलेल्या मर्यादेत बसली पाहिजे. मर्यादा कमी असेल तर आधी चांगल्या दर्जाचं स्कॅन करा, मग आकार घटवा. सुरुवातीलाच कमी दर्जाचा फोटो घेतला की अक्षरं फुटतात. शुल्क भरल्यावर बँकेतून पैसे गेले पण साइटवर ‘पेंडिंग’ दिसतंय, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, एक-दोन दिवस थांबा, मग त्यांच्या मदत कक्षाला ईमेल करा. म्हणूनच शेवटच्या दिवशी फॉर्म भरायचा नसतो.

‘हा कोर्स का निवडला’ यावर २०० ते ३०० शब्द लिहायला सांगितले तर ‘मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड’ हे वाक्य सोडा. निवड समितीने ते त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. थेरपिस्ट काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे, हे एका प्रसंगातून दिसू द्या: घरातल्या आजीचा इनहेलर तिने नीट ओढलाच नव्हता, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावल्यावर फरक पडला, एवढं खरं आणि छोटं पुरे.

मुलाखतीत काय विचारतात

पाठ्यपुस्तकातलं श्वसनसंस्थेचं प्रकरण पक्कं हवं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, एका साध्या श्वासात साधारण ५०० मिली हवा, धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. पण मुलाखत घेणारे बऱ्याचदा टेबलावर एखादी वस्तू ठेवतात आणि ‘हे काय, कसं चालतं’ असं विचारतात. पल्स ऑक्सिमीटर हा हमखास. तो बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती चढलाय याचा अंदाज घेतो. गडद नेलपेंट, गार पडलेलं बोट, हलणारा हात यांनी तो चुकतो, इथवर सगळे सांगतात. पुढचं सांगा: बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाला हेच यंत्र लावलं तर आकडा ९८ सुद्धा दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन यांत साधा ऑक्सिमीटर फरक करत नाही.

दुसरा आवडता विषय ऑक्सिजनचा सिलिंडर. काळं अंग, पांढरे खांदे. वॉर्डात ढकलत नेतात तो बी टाइप. त्यात पाण्याच्या मापाने १० लिटर जागा असते आणि सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने भरल्यावर साधारण १,५०० लिटर वायू मावतो. पेशंटला मिनिटाला ५ लिटर चालू आहे, तर १,५०० भागिले ५ म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. काट्यावर १०० दिसत असेल तर उरलेत १,००० लिटर, म्हणजे २०० मिनिटं. पेशंटला हडपसरहून अँब्युलन्सने शिवाजीनगरला न्यायचंय आणि वाटेत ट्रॅफिक आहे, मग किती धरायचे? दोनशे म्हणू नका. सिलिंडर पूर्ण रिकामा होईपर्यंत वापरायचा नसतो, काही साठा हातचा ठेवायचा. दीडशे मिनिटं सांगितलीत आणि कारण दिलंत तर समोरचा मान हलवतो. फ्लोमीटरमध्ये गोळी असेल तर आकडा गोळीच्या मध्यावर वाचायचा, वर किंवा खाली नाही. रेग्युलेटर बसत नाही म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही. घरी बिजागरीला लावतो तसं खोबरेल तेल इथे लावलं तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. ह्युमिडिफायरच्या बाटलीत बुडबुडे येत नसतील तर झाकण तिरकं बसलंय किंवा रबरी वायसर गेलाय, हे आधी बघायचं. पेशंटकडे जाणारी नळी चिमटीत दाबली की सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाजते; नाही वाजली तर वायू मध्येच कुठेतरी निसटतोय.

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट विकाराच्या) पेशंटला भरपूर ऑक्सिजन का द्यायचा नाही, हाही प्रश्न येतो. ऑक्सिमीटरवर त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं. जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेशंट गुंगीत जातो. एवढं उत्तर बारावीच्या मुलाला पुरे. इंग्रजी अडलं तर मराठीत बोलू का असं विचारा. पुण्यातल्या वॉर्डात निम्मे पेशंट मराठीच बोलतात, ते तुमच्या बाजूचं आहे.

पैसे

शुल्क विचारताना ‘वर्षाचं किती’ असं विचारू नका. पूर्ण कोर्सचं लेखी मागा. परीक्षा शुल्क, गणवेश, अनामत, दरवर्षीची वाढ, इंटर्नशिपच्या वर्षी काही भरायचंय का आणि त्या वर्षी विद्यावेतन मिळतं का, हे सगळं त्यात यायला हवं. राज्याची शिष्यवृत्ती गृहीत धरत असाल तर महाडीबीटीच्या यादीत ते कॉलेज आणि तो कोर्स दोन्ही दिसतात का, ते आधी तपासा. अभिमत विद्यापीठात राखीव जागेच्या आणि शुल्कमाफीच्या सवलती सरकारी कॉलेजासारख्या मिळतीलच असं धरू नका. शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून होतो. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. पण कोर्स आणि संस्था मान्यताप्राप्त असल्याचं पत्र मागतात, ते प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजकडून घ्या.

दोन ठिकाणी नाव लागलं तर एक सोडावं लागणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळतं, फक्त प्रक्रिया खर्च म्हणून कमाल ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, तीसपर्यंत ५०, पुढे काही नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा म्हणजे तारीख नोंदली जाते. खिडकीवर दिलेल्या कागदाची पोच मिळेलच असं नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, हेही त्याच नियमात आहे.

प्रवेश झाल्यावर, वॉर्डात जाण्याआधी

हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. वॉर्ड पोस्टिंगच्या आधी पूर्ण व्हावी असं वाटत असेल तर बारावीच्या परीक्षेनंतर लगेच पहिला डोस घ्या, प्रवेशाची वाट बघू नका. लहानपणी झाली असेल तर कार्ड शोधा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी तपासतात. १० किंवा त्याहून जास्त आली की झालं. एबीजीची सुई हातात येण्याआधी हे उरकलेलं हवं.

राहण्याची जागा हॉस्पिटल बघून ठरवा, कॉलेज बघून नाही. सकाळची पोस्टिंग लवकर असते आणि पीएमपीची पहिली बस चुकली की राउंड चुकतो. मेट्रोच्या वनाज-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गावर असाल तर तेवढी चिंता कमी.

खरेदीत स्टेथोस्कोप घाईने महागातला घेऊ नका, पहिल्या वर्षी साधा चालतो. घड्याळ मात्र सेकंदकाट्याचं घ्या. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. आणि मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची.